माझे चारही कोपरे शाबूत होते

मित्रांनो, जुन्या टीव्हीकडे बघून लोक दोनच प्रश्न विचारतात. 'अजून चालतो?' आणि 'अजून ठेवलाय?' पहिल्याचं उत्तर मीच देतो: चालतो. दुसरं घरच्यांना विचारा. बत्तीस इंची माझा देह लाकडी कपाटावर मांडलेला आहे, पाठ भिंतीला आणि तोंड खोलीकडे. चौदा वर्षांत मी एकदाही मान वळवलेली नाही. समोर जेवढं येईल तेवढंच माझं जग. त्यामुळे समोरचं मात्र मी डोळ्यांत तेल घालून बघतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून मी पुढे पुढे जात होतो आणि दोन्ही बाजूंची माणसं माझ्या पोटात काही ना काही घालत होती. सर्वांत शेवटी पांढरी टोपी घातलेली एक बाई बसली होती. तिनं माझ्यावर रंगीत पट्टे लावले आणि चारही कोपऱ्यांवर एकेक करून बोट ठेवलं. मग मान डोलावून पाठीवर हिरवा शिक्का मारला. आयुष्यात मिळालेली ती माझी एकमेव पदवी. मी ती अजून जपून ठेवली आहे.

मी ज्या घरात आलो तिथं माणसं तीन. घरधनी बावीस वर्षं शहराची बस चालवून निवृत्त झालेले. मग त्यांनी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायला घेतली. व्हॅनमधली अठरा मुलं त्यांना काका म्हणतात, घरात त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही बाबाच म्हणतो. त्यांची बायको म्हणजे आई. ती खिडकीशी शिलाई मशीन घेऊन बसते आणि लोकांची मापं घेता घेता त्यांच्या स्वभावाचीही घेते. तिसरी त्यांची लेक. ती औषधांच्या दुकानात कामाला आहे आणि वडिलांना उलटं बोलण्याचा परवाना तिला जन्मापासूनच मिळालेला आहे.

सुरुवातीची वर्षं माझ्या कौतुकाची. माझ्यावर नक्षीचं आवरण होतं. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहायचा. पाहुणे आले की आवरण उचलायचं काम लेकीचं. पुढे आवरणाची पिशवी झाली, पिशवीचं फडकं झालं आणि त्याच फडक्यानं माझी धूळ झटकली जाऊ लागली. लेकीच्या हातात मोबाइल आला, आईला मशीनच्या आवाजात माझं बोलणं ऐकू येईना. सहा दिवस मी काळी काच म्हणून उभा असायचो. पण रविवारी सकाळी अकरा वाजले की घरात मला राजाचा मान. कारण अकराला 'पारख रस्त्याची' लागायचं.

तुम्ही हा कार्यक्रम पाहिला नसेल, म्हणून सांगतो. गाडी चालवणाऱ्यांच्या तोंडी ज्या गोष्टी असतात, त्या हे लोक मोकळ्या मैदानावर प्रत्यक्ष करून बघायचे. एक कधीही न हसणारा टकलू इंजिनिअर आणि एक पूर्वी गाड्यांच्या शर्यतीत उतरलेली बाई. बाई गाडी हाणायची, इंजिनिअर मोजायचा. उन्हाळ्यात चाकातली हवा कमी ठेवली की टायर फुटत नाही, असं लोक म्हणतात. खरं की खोटं? उतारावर गिअर काढून गाडी सोडली की तेल वाचतं. खरं की खोटं? उत्तर सांगायच्या आधी जाहिराती लागायच्या आणि आमच्या हॉलमध्ये युद्ध पेटायचं.

घराचा एक रिवाज होता. जाहिरात संपायच्या आत प्रत्येकानं टीपॉयवर आपला चमचा ठेवायचा. उताणा ठेवला तर खरं, पालथा ठेवला तर खोटं. एकदा ठेवलेला चमचा फिरवायचा नाही. आणि जो हरेल त्यानं दुपारी व्हॅन धुवायची.

बाबांचा चमचा बहुधा उताणा. बसच्या डेपोत जे जे ऐकलं ते सगळं त्यांच्या लेखी वेदवाक्य. उताराच्या भागाला त्यांनी चमचा आपटूनच उताणा ठेवला होता.

"बावीस वर्षं मी उतारावर गिअर काढून तेल वाचवलंय," ते म्हणाले.

इंजिनिअरनं मोजमाप दाखवलं. गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की नवी गाडी तेल जवळजवळ पीतच नाही. गिअर काढला की इंजिन चालू ठेवायला उलट जास्त पिते. शिवाय गाडी हातात राहत नाही ती वेगळीच.

"बाबा, बावीस वर्षं," लेक म्हणाली.

"गप. बादली कुठाय?"

"आणि डेपोला कळवू का?" आईनं मशीन न थांबवता विचारलं.

हरले तरी बाबा खूश असायचे. सोमवारी व्हॅनमध्ये मुलांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या मदतनीस बाईला आणि मुलांना ते नवं ज्ञान असं सांगायचे, जणू ते स्वतःच मैदानावर उभे होते. आपली समजूत खोटी ठरली तर ती सोडून देण्याचा मोठेपणा त्यांच्याकडे होता. चाकांतली हवा, उतारावरचा गिअर, सगळं त्यांनी सुधारलं. म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर वाटायचा. स्वतःबद्दलची समजूत सोडणं मात्र वेगळं असतं, ते पुढे येईलच.

आता माझ्या नोंदीची गोष्ट. मला दुसरा उद्योग नसल्यामुळे मी फरशा मोजतो. कार्यक्रम सुरू झाला त्या वर्षी बाबांची खुर्ची माझ्यापासून पाचव्या फरशीवर होती. दुसऱ्या वर्षी ती सहाव्या फरशीवर गेली. मग सातव्या. सहा वर्षांनी ती अकराव्या फरशीवर, थेट स्वयंपाकघराच्या दाराला टेकली. येता-जाता आईला कडेनं निघावं लागायचं.

"अहो, पुढे सरका की. टीव्ही बघताय की पाहुण्यांची वाट?"

"इथून पूर्ण चित्र दिसतं. जवळून बाजूची माणसं हुकतात."

घरात याचा अर्थ काय लावला गेला असेल? कौतुकाचा! आई गिऱ्हाइकांना सांगायची, "लोकांची माणसं म्हातारपणी टीव्हीला नाक लावतात. आमचे मागे मागे जातात. नजर बघा कशी आहे." आणि ते खोटंही नव्हतं. बाबा औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं चष्म्याशिवाय वाचायचे. परवान्याचं नूतनीकरण करताना डोळे तपासायच्या तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी घडाघडा वाचून दाखवली होती. ज्याला मुंगीचे पाय दिसतात त्याला हत्ती दिसत नसेल, अशी शंका कुणाला येणार?

पण बाबा दाराच्या चौकटीला खांदा घासून जाऊ लागले होते. टीपॉयवर चमचा ठेवताना तो काठाबाहेर पडायचा. कुणी बाजूनं चहा पुढे केला की दचकायचे आणि म्हणायचे, "अगं, आवाज करत ये!" मी हे सगळं समोरून बघत होतो. मला बोलता येत होतं ते फक्त दुसऱ्यांचं.

मग एका रविवारी बाबांनी निकाल दिला. "हा टीव्ही गेला. याचे कोपरे काळे पडलेत."

नाचता येईना अंगण वाकडं, तसं दिसेना आणि टीव्ही वाकडा. दुरुस्तीवाला आला. कानावर पेन्सिल ठेवावी तसा त्याच्या कानावर स्क्रूड्रायव्हर होता. त्यानं माझ्यावर तेच रंगीत पट्टे लावले, जे कारखान्यात त्या बाईनं लावले होते.

"काका, चारही कोपरे शाबूत आहेत. पॅनेल अजून नवरीसारखं आहे."

"मग समोरचा माणूस दिसतो आणि बाजूचा गायब होतो, ते कसं?"

"कुठल्या चॅनेलवर?"

"सगळ्या."

"सगळी चॅनेलं एकदम बिघडत नसतात, काका."

मित्रांनो, ते वाक्य हॉलच्या मधोमध पडलं होतं. तिघांपैकी कुणीही वाकून उचललं असतं तर बरं झालं असतं. पण गिऱ्हाइकाला नाराज करायचं नाही, हा दुरुस्तीवाल्याचा धर्म. त्यानं माझ्या आत कुठलंतरी बटण शोधलं आणि चित्र चारही बाजूंनी आत ओढून लहान केलं. आता माझ्या बत्तीस इंचांतले वीस इंच चित्र आणि भोवती काळी चौकट.

"बघा, आले ना कोपरे आत?"

"आता कसं! पूर्ण चित्र!" बाबा म्हणाले.

"बाबा, लहान झालंय ते," लेक म्हणाली.

"लहान, पण पूर्ण."

माणसाला दिसत नव्हतं, म्हणून जगाला कातरून त्याच्या मापाचं केलं. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरात हे घडलं आणि तिलाही ते खटकलं नाही. माझा अपमान झाला, तो मी गिळला. पण माझं चित्र लहान करून भागलं होतं. रस्ता कोण लहान करणार होतं? रोज सकाळी सात वाजता खाली व्हॅन सुरू झाल्याचा आवाज यायचा आणि तो दूर जाईपर्यंत मी ऐकत राहायचो.

पुढच्याच महिन्यात 'पारख रस्त्याची'मध्ये विषय आला: 'लोक म्हणतात, मुरलेल्या ड्रायव्हरला मान वळवावी लागत नाही, कडेचं आपोआप कळतं.' बाबांनी जाहिरातीची वाटही न बघता चमचा उताणा टाकला.

शर्यतवाल्या बाईनं सांगितलं, "आज प्रयोग तुमच्या घरी. टीव्हीसमोर एका हाताच्या अंतरावर बसा. चित्र पूर्ण आकारात ठेवा. मधल्या पांढऱ्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. कडेनं लाल चेंडू येतील. दिसला की हात वर."

लेकीनं माझी काळी चौकट काढून टाकली. कितीतरी दिवसांनी मी पूर्ण उघडलो. बाबा कुरकुरत खुर्ची ओढत पुढे आले, इतके पुढे की माझा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला. दोन बाजूंना आई आणि लेक टेकल्या.

ठिपका लागला. डावीकडून चेंडू निघाला, अर्ध्या वाटेपर्यंत आला आणि परत गेला. आईचा हात वर, लेकीचा हात वर. उजवीकडून आला. दोन हात वर. वरून, खालून, पुन्हा डावीकडून. बारा चेंडू येऊन गेले. बाबा ठिपक्याकडे असे बघत होते, जणू परीक्षेला बसलेत. हात मांडीवरच होते.

संगीत थांबलं. बाबांनी विचारलं, "सुरू कधी होणार?"

आईचं मशीन बंद होतं, तरी तिचा पाय हलत होता.

"बाबा," लेक म्हणाली, "झालं की. बारा चेंडू येऊन गेले."

"काहीतरीच काय? ठिपका होता नुसता."

"मलाही दिसले हो," आई हळूच म्हणाली.

"तुम्ही दोघी मिळून चेष्टा करताय."

लेकीनं वाद घातला नाही. तिनं मला बंद केलं. माझ्या काळ्या काचेखाली एक बारीक लाल दिवा तेवढा उरला. खिळ्यावरची व्हॅनची किल्ली तिनं काढली.

"या दिव्याकडे बघा. नजर हलवायची नाही. किल्ली दिसली की सांगा."

ती त्यांच्या डाव्या कानाजवळ उभी राहिली आणि किल्ली हळूहळू पुढे आणू लागली. कानापाशी. गालापाशी. मी बंद होतो, पण मला सगळं दिसत होतं. किल्ली जवळजवळ नाकासमोर आली तेव्हा बाबा म्हणाले, "ही काय. दिसली."

"आत्ता?"

"मग कधी?"

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज तिनं सावरला. "बाबा, गेल्या चार महिन्यांत मी पाच वेळा हरले. पाचही वेळा व्हॅन धुताना डाव्या बाजूला नवा ओरखडा होता. तुम्ही म्हणालात, पार्किंगमध्ये कुणीतरी घासतं."

"घासतातच लोक!"

"आणि आपल्या दाराच्या चौकटीला?" आईनं विचारलं. "तिथंही कुणीतरी आणून घासतं का तुमचा खांदा?"

बाबा उसळले. "तीस वर्षं झाली स्टेअरिंगवर! एका माणसाला खरचटलं नाही माझ्या हातून! आणि या डबड्याचं ऐकून मी गाडी सोडू?"

डबडं म्हणजे मी. मला राग आला नाही. घाबरलेल्या माणसाच्या शब्दाचा राग कसला?

त्यांनी माझ्या काळ्या काचेकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाले, "गुरुवारी मदतनीस बाई ओरडली. 'थांबा' म्हणून. मी ब्रेक मारला. डावीकडे ती छोटी होती, दोन वेण्यांची. पाण्याची बाटली घरंगळली म्हणून मागे धावली होती. मला ती दिसलीच नाही." पुढे म्हणाले, "आणि मी त्या बाईलाच झापलं. म्हटलं, उगाच किंचाळू नकोस, मुलं घाबरतात."

आता प्रश्न टीव्हीचा नव्हता, हरण्या-जिंकण्याचाही नव्हता. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सात वाजता अठरा मुलं दप्तरं घेऊन आपापल्या दारात उभी राहणार होती.

आईनं वाट काढली. "सांगू या, गाडी बिघडली. दोन दिवस निघतील. तोवर डॉक्टरांना दाखवू."

"गाडी बिघडलेली नाही," बाबा म्हणाले.

"मग ताप आलाय म्हणा."

"तापही नाही."

त्यांनी फोन घेतला आणि बसच्या दिवसांत हाताखाली शिकलेल्या एका ड्रायव्हर बाईला आधी उद्यासाठी विचारून घेतलं. अठरा मुलं म्हणजे सोळा घरं, दोन घरांतली दोघं दोघं भावंडं धरून. लेक म्हणाली, मी करते. त्यांनी मान हलवली. माझ्यासमोर, एका हाताच्या अंतरावर बसून त्यांनी सोळा फोन केले. प्रत्येक घरी तेच वाक्य: "मला कडेचं दिसत नाही, आजच कळलं. उद्यापासून मी गाडी चालवणार नाही. माझ्या हाताखाली शिकलेली ड्रायव्हर बाई व्हॅन आणेल. ती नको असेल तर तुम्ही दुसरी सोय बघा, मी वाईट वाटून घेणार नाही."

कुणी म्हणालं, काका, काळजी घ्या. कुणी नुसतं बरं म्हणालं. अकराव्या घरी दोन वेण्यांच्या छोटीची आई होती. तिचा आवाज मलासुद्धा ऐकू आला.

"आज कळलं? आणि इतके दिवस माझी पोरगी कुणाच्या भरवशावर जात होती?"

आईनं फोन घ्यायला हात पुढे केला. बाबांनी तो बाजूला केला.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "गुरुवारी ती गाडीच्या पुढ्यात आली होती. मला दिसली नाही. मदतनीस बाईनं वाचवली. हे तुम्हाला माझ्याकडून कळावं म्हणून सांगतो."

पलीकडून फोन ठेवला गेला. बाबांनी बारावा लावला.

शेवटचा फोन मदतनीस बाईला होता. "गुरुवारी तुला बोललो," ते म्हणाले.

"जाऊ द्या हो काका, मी विसरलेसुद्धा."

"विसरू नकोस. पुन्हा असं काही दिसलं तर याहून मोठ्यानं ओरड."

सोमवारी ते रोजच्यासारखे पाचला उठले, दाढी केली, गणवेशाचा निळा शर्ट घातला. ड्रायव्हर बाई किल्ली न्यायला आली. बाबांनी तिला एकेक थांबा, एकेक मूल समजावलं. कोण उलटी करतं, कोण रडतं, कोणाच्या आजोबांना खाली यायला वेळ लागतो. सात वाजता व्हॅनचा आवाज आला आणि गेला. आईनं शिवणकाम हातात घेतलं, पण मशीन चालवलं नाही. आठ वाजता फोन वाजला. मदतनीस बाई म्हणाली, "काका, अठराच्या अठरा पोहोचली." तेव्हा कुठे त्यांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं.

डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो, कडेची नजर आतून हळूहळू मिटत जाते, दुखत नाही, खुपत नाही. मधली नजर शेवटपर्यंत चांगली राहते, म्हणून माणूस फसतो. जे गेलं ते परत येत नाही. जे आहे ते रोजच्या थेंबांनी राखता येतं. "दोन-तीन वर्षं आधी आला असतात तर," असं म्हणून डॉक्टर थांबले, असं लेकीनं घरी सांगितलं. माझ्याकडे सहा वर्षांच्या फरशांची नोंद होती, मित्रांनो. ती कुणाला वाचून दाखवता आली नाही, हे शल्य माझ्या काचेमागे कायमचं राहिलं आहे.

महिन्याभरानं दाराची घंटा वाजली. दोन वेण्यांच्या छोटीची आई आली होती. बाबा उभे राहिले. ती बसली नाही.

"मी फोनवर बोलले ते परत घ्यायला आलेले नाही," ती म्हणाली.

"घेऊही नका."

ती जरा घुटमळली. "माझे वडील अजून टॅक्सी चालवतात. सगळं वाचतात, बारीक अक्षरंसुद्धा. पण हल्ली जिन्यात बाजूनं कुणी आलं की त्याच्यावर आदळतात. विचारलं की भडकतात. तुमचे डॉक्टर कोणते?"

बाबांनी कागद घेतला आणि पत्ता लिहिला. अक्षर वळणदार, एकही ओळ वाकडी नाही.

"भडकतील," ते म्हणाले. "मीही भडकलो होतो. कुठल्या दिवशी नेताय ते कळवा, मी सोबत येतो. ड्रायव्हरला ड्रायव्हरनं सांगितलेलं ऐकू येतं."

ती गेली. गेल्या मंगळवारी निळा शर्ट घालून बाबाही गेले, त्या टॅक्सीवाल्याला घेऊन. टॅक्सी त्याची लेक चालवत होती, असं बाबांनी घरी येऊन सांगितलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना शेवटी दोन शब्द सांगायची खोड असते, ती मलाही आहे. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली म्हणजे सगळं दिसतं, ही समजूत खोटी आहे. तिच्यावर चमचा पालथाच ठेवा. घरातली वडीलधारी माणसं अडखळायला लागली की वस्तूंना दोष देऊ नका. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि कडेची नजर मुद्दाम तपासून घ्या. ज्यांच्या हातात दुसऱ्यांची लेकरं आहेत, त्यांना तर न्याच. ती माणसं रागावतील. रागावतील म्हणून विचारायचं सोडू नका. आणि उद्या तुम्हीही वयानं मोठे व्हाल, तुमच्या हातात काहीतरी मोलाचं असेल आणि घरातलं कुणी येऊन विचारेल, 'तुम्हाला हे दिसतंय ना?' तेव्हा उत्तर देण्याआधी एकदा मान वळवून बघा.